जुन्या पाइपांची पारख



या ध्वनिक्षेपकाशेजारीं टेबलावर मीं एक लहानशी वस्तु आणून ठेवली आहे. ती आपणांस दाखवितां येत नाहीं, हा नभोवाणीचा दोष म्हणावा कीं गुण, याचा निर्णय मला करवत नाहीं. कारण ती दिसली असती तर पुष्कळ घरांतून यंत्राची कळ एव्हांना फिरली असती. ती वस्तु म्हणजे तंबाखू ओढण्याचा एक जुना विलायती पाइप. मी स्वतः तंबाखू ओढीत नाहीं, कधीं ओढली नाहीं, आणि माझें भाषण ऐकून कोणाला ती ओढावीशी वाटली, तर मी बोलावयास नालायक ठरलों असेंच समजेन. माझे थोरले काका या व्यसनापायीं गेले. त्यांच्या दुखण्याचें नांव घशाचा कर्करोग, आणि तें मी येथें आडपडदा न ठेवतां घेतों. असें असूनहि गेलीं चाळीस वर्षें मी जुने पाइप गोळा करीत आलों आहें, आणि आज माझ्या कपाटांत त्रेसष्ट पाइप आहेत. तंबाखूचा द्वेष आणि पाइपाचें प्रेम एका घरांत कसें नांदतें, असें माझी पत्नी मला वेळोवेळीं विचारते. तिला पटेल असें उत्तर मला अजून सांपडलेलें नाहीं.

मला स्वतःला जें थोडेंफार पटतें, तें असें. पुण्याचे कै. दिनकर केळकर यांनीं गांवोगांव आणि घरोघर हिंडून दिवे, दौती, अडकित्ते, स्वयंपाकाचीं भांडीं जमविलीं, आणि त्यांतून जें संग्रहालय उभें राहिलें त्यास आपल्या अकालीं गेलेल्या राजा नांवाच्या मुलाचें नांव दिलें. त्या दालनांतून हिंडतांना माझ्या मनावर ठसलें तें हेंच, कीं राजेरजवाड्यांच्या रत्नांपेक्षां रोजच्या हाताळण्यानें झिजलेली वस्तु मनुष्याविषयीं अधिक सांगते. अडकित्ता पाहून सुपारी खावी असें वाटत नाहीं. तो धरणारा हात मात्र डोळ्यांपुढें येतो. पाइप तर हातांतच नव्हे, दांतांत धरावयाची वस्तु.

नाशकांत विलायती पाइप कोठून येणार, असें आपण म्हणाल. तंबाखू आपल्या देशांत पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराच्या पदरचा असदबेग हा १६०४ च्या सुमारास विजापुराहून परततांना तंबाखू आणि ती ओढण्याची एक जडावाची नळी घेऊन गेला. बादशहानें हौसेनें चार झुरके घेतले, आणि हकिमानें हरकत घेतली. ही हकीकत असदबेगानें स्वतःच लिहून ठेवलेली आहे. पुढें १६१७ सालीं जहांगिरानें तंबाखूवर बंदी घातली. ती किती चालली, हें कोणत्याहि नाक्यावरच्या पानाच्या ठेल्यापाशीं उभें राहून पाहावें. आपल्याकडे तंबाखूचीं साधनें रूढ झालीं तीं हुक्का, गुडगुडी आणि चिलीम. सिंहस्थांत त्र्यंबकेश्वरीं साधूंच्या हातांतली मातीची चिलीम आपण सर्वांनीं पाहिली असेल: आंत एक खडा, खालीं ओली छापी, आणि संपलें. त्या चिलमीचा आणि ब्रायर लाकडाच्या पाइपाचा वंश निराळा. ब्रायरचा पाइप आपल्या जिल्ह्यांत आला तो बहुतांशीं देवळालीच्या वाटेनें.

१८६१ सालीं इंग्रज सरकारनें देवळालीस लष्करी तळ घातला. मुदत संपून मायदेशीं जाणारे गोरे शिपाई येथें आणून ठेवीत, आणि ते मुंबईहून सुटणाऱ्या बोटीची वाट पाहत. सैन्य नेणाऱ्या बोटी थंडीच्या दिवसांतच सुटावयाच्या. त्यामुळें ज्याची मुदत वैशाखांत संपली त्याला सारा उन्हाळा आणि सारा पावसाळा कामाशिवाय काढावा लागे. उकाडा, हिंवताप आणि रिकामपण यांनीं कित्येकांचीं डोकीं फिरलीं, आणि इंग्रजी भाषेंत वेड लागण्याला ‘डूलाली टॅप’ असा शब्दप्रयोगच पडला. डूलाली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपला ताप! गंमत अशी कीं, पुढें त्याच देवळालीस हवापालटासाठीं पारशी मंडळींनीं आरोग्यभुवनें बांधलीं, आणि त्याच हवेची कीर्ति झाली. असो. ज्याला सहा महिने करावयास कांहीं नाहीं, तो मनुष्य पाइप ओढतो. शिवाय १९२५ सालीं नाशिकरोडास सरकारी छापखाना सुरू झाला, तेथेंहि गोरे अधिकारी आले. १९४७ सालीं हे सर्व लोक गेले तेव्हां मोठें सामान लिलांवांत निघालें. लहानसहान वस्तु खानसामा, माळी, कारकून, शिंपी यांना देऊन ते बोटींत बसले. त्या वस्तु पुढें एका पिढीनें माळ्यावर टाकल्या, दुसरीनें भंगारांत काढल्या, आणि गंगेवरच्या बुधवारच्या बाजारांत गोणपाटावर कुलपें, चष्मे आणि बंद पडलेलीं घड्याळें यांच्यामध्यें त्या मला भेटूं लागल्या.

माझ्या काकांचा पाइप असाच त्यांच्याकडे आला. ते नाशिकरोडास एका कचेरींत कारकून होते. त्यांच्या साहेबानें जातांना तो त्यांना दिला, आणि काका त्या दिवसापासून पाइप ओढूं लागले. बक्षिसी म्हणून मिळालेली वस्तु न वापरणें त्यांना उद्धटपणाचें वाटलें असावें, असें काकू म्हणत. १९८३ सालीं काका गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर काकूंनीं तो पाइप एका रुमालांत बांधून मला दिला. लाकूड काळवंडलेलें, तोंडाची कड जळकी, नळी हिरवट पडलेली, आणि तिच्या टोंकाशीं डाव्या बाजूस दोन दांतांची खोल खूण. काका वर्तमानपत्र वाचतांना पाइप डावीकडे धरीत, तीच ती खूण.

मी शाळेंत चित्रकलेचा शिक्षक. वस्तु सुंदर दिसावी ही माझी खोड. मीं तो पाइप एका भांड्यांना पॉलिश करणाऱ्या दुकानांत नेला. त्या मनुष्याचा यांत कांहीं अपराध नाहीं. मीं सांगितलें तेंच त्यानें केलें. यंत्राच्या फिरत्या चाकावर अर्ध्या तासांत पाइप आरशासारखा झाला. कडेचें जळकें लाकूड गेलें, नळी काळीभोर चकाकली, आणि दोन दांतांची खूण घासून सपाट झाली. मोठ्या हौसेनें मीं तो काकूंना नेऊन दाखविला. त्यांनीं तो हातांत घेतला, नळीच्या टोंकावरून आंगठा फिरविला, आणि माझ्या हातीं परत दिला. म्हणाल्या, “छान झाला रे. पण हा यांचा नव्हे.”

हाच तो पाइप, आतां या टेबलावर आहे तो.

त्यानंतर कांहीं दिवसांनीं मीं तो आमच्या ओळखीच्या एका वृद्ध तांबटांस दाखविला. नाशिकचीं तांब्यापितळेचीं भांडीं पूर्वींपासून नांवाजलेलीं, आणि तांबट आळींतली ठोक्यांची लय ऐकत माझें बालपण गेलेलें. तंबाखूच्या पाइपांतलें त्यांना कांहीं कळत नव्हतें. पण त्यांनीं तो खिडकीशीं नेला, बाहेरून पाहिलाच नाहीं, एक डोळा मिटून आंत पाहिलें, करंगळी घालून आंतली भिंत चांचपली, आणि म्हणाले, “मास्तर, भांडं बाहेरून कधीं बघूं नये. बाहेर पॉलिश होतं. आंत पॉलिश करायला कुणाला वेळ आहे?” त्यांच्या त्या एका वाक्यावर माझी सगळी पुढची पारख उभी आहे, असें म्हटलें तरी चालेल. म्हणून मीहि आंतूनच सांगावयास सुरुवात करतों.

पाइपाचे भाग तीन: तंबाखू भरावयाची वाटी, तिच्यापासून निघालेली लाकडाची दांडी, आणि दांडींत बसणारी, तोंडांत धरावयाची नळी. वाटी आणि दांडी एकाच लाकडांतून कोरलेल्या असतात, आणि दांडींतून धुराचें भोंक पाडीत वाटीच्या तळापर्यंत आणावें लागतें. कारागिराची खरी परीक्षा येथें होते. तें भोंक वाटीच्या अगदीं तळाशीं आणि अगदीं मधोमध उघडलें पाहिजे. तें वर उघडलें तर तळाची तंबाखू कधींच जळत नाहीं, ओली राहून कुजते. एका अंगास उघडलें तर एकच बाजू जळते आणि तेथलें लाकूड करपतें. परीक्षा सोपी आहे. नळी न काढतां तोंडाच्या बाजूनें एक मऊ लवचीक तार आंत सारावी. ती कोठें न अडतां वाटीच्या तळाशीं मधोमध डोकावली, तर पाइप बनविणारा आपलें काम जाणत होता. ती दांडी आणि नळी यांच्या सांध्यापाशीं अडखळली, तर वरच्या कोरीवकामाकडे बघण्याचें कारण नाहीं. मीं फार देखणे, फार महाग, सिंहाच्या आणि सरदारांच्या मुखवट्यांचे पाइप या एका तारेनें नापास झालेले पाहिले आहेत.

मग वाटीची आंतली भिंत. वापरलेल्या पाइपांत कोळशाचा थर धरतो, आणि तो थोडा असावा लागतो, कारण तोच लाकडाला आगीपासून राखतो. रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतका थर चांगला. त्याहून जाड झाला तर तापल्यावर तो फुगतो आणि वाटी तडकते. पुष्कळ लोक हा थर चाकूनें खरवडतात. मग वाटी वाटोळी राहत नाहीं, भोंवऱ्यासारखी निमुळती होते. आपलें बोट आंत फिरवावें. डोळ्यांपेक्षां बोटाला हें आधीं कळतें. विकणारा कधीं कधीं तडा लपविण्यासाठीं थर मुद्दाम ठेवतो, आणि कधीं तो मुद्दाम काढून, राखेंत मध कालवून नवा लावतो. असा लावलेला थर बोटाला गुळगुळीत लागतो. खरा थर खरखरीत असतो.

लाकडाविषयीं थोडें सविस्तर सांगतों, कारण फसवणूक येथेंच अधिक. ब्रायर हें कांहीं झाडाचें खोड नव्हे. भूमध्य समुद्राच्या कांठीं उगवणारें एक झुडूप आहे. त्याच्या मुळाशीं जमिनींत एक कठीण गांठ धरते, ती हें लाकूड. झुडूप पुष्कळ वर्षांचें झाल्यावांचून गांठ कामाची होत नाहीं. ती खणून काढल्यावर तासचे तास पाण्यांत उकळतात, म्हणजे तिच्यांतला कडू रस निघतो, आणि मग सावलींत महिनेच्या महिने सुकवितात. आगीजवळ राहूनहि न जळणारें असें हें लाकूड फ्रान्समधल्या ज्युरा डोंगरांतल्या सें-क्लोद या गांवच्या लोकांनीं १८५० नंतरच्या काळांत पाइपासाठीं वापरांत आणलें, आणि तेथून तें जगभर गेलें. त्यापूर्वीं विलायतेंत पांढऱ्या मातीचे पाइप ओढीत. ते इतके ठिसूळ आणि इतके स्वस्त, कीं फुटले कीं फेकून द्यावयाचे.

गांठ जमिनींत वाढते, म्हणून तिच्या पोटांत खडे अडकतात, बारीक पोकळ्या राहतात. कोरतांना अशी पोकळी उघडी पडली म्हणजे हलका कारखानदार तींत लुकण भरतो आणि वरून गडद रंग चढवितो. भिंगाखालीं तें तात्काळ ओळखूं येतें: लाकडाच्या रेषा त्या ठिपक्यापाशीं येऊन थांबतात आणि पलीकडे पुन्हां सुरू होतात. अशा पाइपांत धूर वाईट येतो असें मात्र नाहीं. पुष्कळ शिपाईगड्यांनीं असलेच पाइप जन्मभर ओढले. पण निर्दोष गांठ शेकड्यांतून एखादी निघते, आणि जीवर लुकण नाहीं, रंग फिकट आहे, रेषा वाटीच्या तळापासून कांठापर्यंत सरळ उभ्या चढल्या आहेत आणि आडव्या बाजूस पांखराच्या डोळ्यांसारखे वाटोळे ठिपके दिसतात, ती वाटी पाहिली म्हणजे कारागिराला लपवावयाचें कांहीं नव्हतें हें समजतें. फिकट रंग हा धीटपणाचा रंग आहे.

तोंडाची नळी बहुधा गंधक घालून कठीण केलेल्या रबराची. आपल्या उन्हांत ठेवली कीं तींतला गंधक वर येतो आणि ती हिरवट, मग पिवळसर होते. तोंडांत धरल्यास घाण चव लागते. ही हिरवी छटा पाहून नवशिका नाक मुरडतो. मी उलट खूष होतों, कारण नळी मूळची असल्याची ती निम्मी साक्ष आहे. नंतर बदललेली प्लॅस्टिकची नळी अशी पडत नाहीं. उरलेली निम्मी साक्ष सांध्याची. नळी दांडीला जेथें मिळते तेथें नखाचा कांठ फिरवावा. नख अडकलें तर नळी दुसऱ्या पाइपाची आहे, किंवा माझ्यासारख्या एखाद्या शहाण्यानें चाकावर घांसून तिच्या कडा गोल केल्या आहेत.

कांहीं नळ्या पिवळ्या, पारदर्शक असतात, आणि विकणारे त्यांना अंबर म्हणतात. अंबर म्हणजे झाडाचा जुना, दगड झालेला डिंक. तो हलका: पाण्यांत मीठ विरघळेनासें होईपर्यंत घालावें, त्या पाण्यांत अंबर तरंगतो. १९०७ च्या पुढें बेकलाइट निघालें, तें रंगानें हुबेहुब, पण त्या पाण्यांत बुडतें. अर्थात् विकणाऱ्याच्या दारांत मिठाचें पाणी घेऊन कोणी जात नाहीं. तेथें अंबर गालाला लावून पाहावा, कांच थंड लागते, तो लागत नाहीं. तसेंच ‘समुद्रफेस’ या अर्थाच्या जर्मन नांवाचे पांढरे पाइप असतात. तो आपल्या वैद्यांचा समुद्रफेस नव्हे. तुर्कस्तानांत एस्कीशेहर येथें जमिनींतून निघणारा तो एक मऊ, हलका दगड आहे. मेण दिलेला पाइप वापरतां वापरतां मधासारखा पिवळा, मग तांबूस होतो. हा रंग आंतून बाहेर येतो आणि दांडीच्या बाजूनें अधिक गडद असतो. सर्वत्र सारखाच तांबूस दिसला तर तो रंगविलेला समजावा.

आतां छापांविषयीं. श्रोत्यांपैकीं ज्यांना या नादाची थोडी माहिती असेल त्यांचे कान आतां टवकारले असतील, कारण बाजारांत पैसा नांवाला मिळतो. लंडनच्या डनहिल यांनीं नळीची कोणती बाजू वर धरावी हें कळावें म्हणून तिच्यावर एक पांढरा ठिपका घातला, आणि पुढें तो ठिपका हीच प्रतिष्ठा झाली. पण ठिपका कोणालाहि घालतां येतो. भोंक पाडावें, पांढरी काडी बसवावी, झालें. म्हणून नांव वाचण्यापूर्वीं अक्षरांच्या कडा पाहाव्या. छाप लाकडावर ठोकतांना कडा तीक्ष्ण उठतात. एकदां चाकावर घांसला कीं अक्षरें पाण्यांतून पाहिल्यासारखीं दिसतात. काकांच्या पाइपाच्या दांडीवर आज जेमतेम दीड अक्षर उरलें आहे. कोणत्या घराचा, कोणत्या सालचा, कांहीं सांगतां येत नाहीं.

चांदीचें कडें असेल तर मात्र साल नक्की निघतें. इंग्लंडांत चांदीची सरकारमान्य तपासणी होऊन तीवर बारीक शिक्के मारतात: चालता सिंह म्हणजे चांदी खरी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम शहर, आणि शेजारचें एक अक्षर त्या वर्षाचें. तें अक्षर दरवर्षीं बदलतें. आपले जुने सराफ नाण्यांचीं टांकसाळींचीं चिन्हें ओळखीत, तसाच हा प्रकार. आयर्लंडच्या पाइपांचा इतिहास तर लाकडावरच छापलेला सांपडतो. डब्लिनच्या पीटरसन यांच्या पाइपावर ‘आयरिश फ्री स्टेट’ असें असलें तर तो १९२२ ते १९३७ मधला, ‘आयर’ असलें तर साधारण त्यानंतरचीं दहा-बारा वर्षें, आणि ‘रिपब्लिक’ असलें तर त्याहून अलीकडचा. एका देशाचें स्वातंत्र्य टप्प्याटप्प्यानें कसें आलें, तें तेथील पाइपाच्या दांडीवर वाचावयास मिळतें.

साफसफाईविषयीं एकच सांगतों. साबण, पाणी आणि चाक, तिन्ही वर्ज्य. स्पिरिटांत भिजविलेला कापूस वाटींत एक रात्र ठेवावा, सकाळीं तो तपकिरी होऊन निघतो. दोन-तीन रात्रींत वास जातो. कित्येक लोक मीठ आणि स्पिरिट भरतात. मीठ फुगून दांडी तडकल्याचें मीं पाहिलें आहे, म्हणून मी तें करीत नाहीं. दांतांच्या खुणा तशाच राहूं द्याव्या. नाशिकच्या पावसाळ्यांत कपाटांत बुरशी येते, तेव्हां आश्विनांत सर्व पाइप एकदां कोरड्या फडक्यानें पुसून सावलींत मांडावे. आमच्या घरीं दसऱ्याच्या आधीं जीं आवराआवर होते तींत माझें हें काम सर्वांत शेवटीं, व्हरांड्यांत, आणि पाहुणे येण्याच्या आंत उरकावें लागतें.

माझ्या पाहण्यांतला सर्वोत्तम पाइप माझ्या संग्रहांत नाहीं. ती हकीकत सांगून भाषण पुरें करतों.

सात-आठ वर्षांपूर्वीं देवळालीहून निरोप आला, कीं लॅम रोडच्या बाजूस एका जुन्या बंगल्याच्या आवारांत राहणाऱ्या एक वृद्ध बाई घरांतल्या जुन्या वस्तु काढीत आहेत. मी गेलों. बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे वडील त्या बंगल्यांतल्या गोऱ्या साहेबाचे खानसामा. पितळी घंटा, चिनी मातीच्या बशा वगैरे आधींच गेलें होतें. त्यांनीं ट्रंकेच्या तळांतून एक काळी पेटी काढली आणि म्हणाल्या, “दोनशें रुपये द्या मास्तर, आणि घेऊन जा.”

पेटींत पीटरसनचा बांकदार पाइप होता. मीं तो खिडकीशीं नेला. लाकूड फिकट, लुकण कोठें नाहीं. तार सारली ती न अडखळतां तळाशीं निघाली. या घराच्या पाइपांत दांडीच्या पोटीं ओल सांठण्यासाठीं एक खळगी असते, १८९० ची त्यांची युक्ति. ती खळगी कोरडी, स्वच्छ. वाटीचा वरचा अर्धाच भाग काळा, खालचें लाकूड कोरें. म्हणजे साहेबानें तो पांच-दहा वेळांहून अधिक ओढला नव्हता. दांडीवर ‘आयरिश फ्री स्टेट’ हीं अक्षरें काल ठोकल्यासारखीं. चांदीच्या कड्यावर मुकुट घातलेलें तंतुवाद्य, एक अक्षर, आणि बसलेली एक स्त्री.

माझ्या खिशांत दोनशें रुपये होते. मी कांहीं बोललों नाहीं. किती वेळ, तें सांगतां येत नाहीं, पण बाईंनीं दोनदां “काय झालं?” असें विचारल्याचें आठवतें. बुधवारच्या बाजारांत विकणाऱ्याला वस्तूची किंमत ठाऊक नसते आणि मीहि ती सांगत बसत नाहीं. तेथें त्याचा धंदा आहे, आणि उद्यां तोच मला फसवील. तोच हिशेब मी त्या खिडकीशीं उभा राहून या घराला लावूं पाहत होतों. तो लागला नाहीं. शेवटीं मीं म्हटलें, “मावशी, हा दोनशेंचा नाहीं. जाणकार याचे पंधरा-वीस हजार देईल.”

त्यांना आनंद होईल असें मला वाटलें होतें. त्यांनीं माझ्याकडे संशयानें पाहिलें. “मग तुम्ही का घेत नाहीं?”

“माझ्यापाशीं आज इतके नाहींत.”

त्यांनीं पाइप माझ्या हातांतून घेतला आणि पदरानें पुसला. “आमची आई म्हणायची, या चांदीवर लक्ष्मी बसलीय, म्हणून विकूं नका. तिची नजर फार चांगली होती. मला आतां दिसत नाहीं. लक्ष्मीच आहे ना ती?”

मीं सांगितलें, कीं ती आयर्लंड देशाची मूर्ति. ते लोक आपल्या देशाला बाईच्या रूपांत पाहतात, आपण भारतमातेला पाहतों तशी.

“म्हणजे देवीच कीं,” त्या म्हणाल्या, आणि पेटी मिटून त्यांनीं ट्रंकेंत ठेवली. नातू दिवाळीला येईल, त्याला विचारूं, एवढेंच ठरलें.

नातवानें पाइप ठेवून घेतला. मी दरवर्षीं पावसाळा सरल्यावर देवळालीस जातों, नळी स्पिरिटच्या बोळ्यानें पुसतों, वाटींत कोरडा कापूस घालतों, आणि बाई चहा करतात. तो पाइप विकत मागण्याचा विचार माझ्या मनांत अजून येतो. बोलून मात्र दाखवीत नाहीं. गेल्या खेपेस नातू घरीं होता. चांदीवरचें सालाचें अक्षर मीं त्याला भिंगांतून दाखविलें, त्यानें तें आपल्या वहींत काढून घेतलें, आणि मग आजीनें भिंग मागितलें. लक्ष्मी दिसते का, तें त्यांना पाहावयाचें होतें. पुष्कळ वेळ त्यांनीं भिंग मागेंपुढें केलें, पण कांहीं दिसलें नाहीं. तेव्हां नातवानें त्यांचें बोट धरून त्या जागीं टेकविलें.